ताशी २२ डॉलर: एका उमेदवार आईने विचारलेला प्रश्न

या प्रकरणातल्या बाईंचं नाव मी घेत नाही. ते सरकारी दप्तरात उघड आहे, शोधणाऱ्याला सापडेल. पण नाव घेतलं की बोलणं त्यांच्या पक्षाकडे, विरोधकाकडे आणि हार-जितीकडे वळतं. मला बोलायचं आहे ते त्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या निवडणूक आयोगाला विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल: मी प्रचारात असताना मुलं सांभाळणाऱ्या बाईचे पैसे देणगीदारांनी दिलेल्या प्रचारनिधीतून देता येतील का? म्हणून इथे त्यांना फक्त ‘उमेदवार’ म्हणते.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्क राज्यातलं लाँग आयलंड, प्रतिनिधिगृहाचा (अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, कनिष्ठ सभागृहाचा) दुसरा मतदारसंघ. समोर १९९३पासून सलग काँग्रेसमध्ये बसलेले रिपब्लिकन खासदार. उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षाच्या, निवडणुकीत पहिल्यांदाच उतरलेल्या. घरी दोन लहान मुलं, दोन्ही शाळेत जायच्या वयाच्या आतली. नवऱ्याची पूर्ण वेळ नोकरी. उमेदवार स्वतः घरून सल्लागार म्हणून काम करायच्या आणि ते करता करताच मुलांना सांभाळायच्या. त्यामुळे मुलं सांभाळण्याचा वेगळा खर्च घरात नव्हता. तो नव्हता, कारण ते काम त्या स्वतः फुकट करत होत्या. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरतं.

मराठी वाचकांसाठी थोडी चौकट सांगायला हवी. आपल्याकडे महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. अमेरिकेत नगरपालिकेपासून सिनेटपर्यंत अशी राखीव जागा नाही. मोंटाना राज्याने १९१६ मध्ये जेनेट रँकिन यांना प्रतिनिधिगृहात पाठवलं, तेव्हा देशभरच्या बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. तो १९२० मध्ये आला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली, तरी २०१८च्या निवडणुकीआधी प्रतिनिधिगृहातल्या ४३५ जागांपैकी बायकांकडे पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी जागा होत्या. बाई उभी राहिली तर पुरुषाइतकीच निवडून येऊ शकते, असं तिथले अभ्यासक बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. गळती होते ती उभं राहण्याआधी. आणि गळतीचं एक भोक घराच्या उंबऱ्याशीच असतं.

अडचण

प्रतिनिधिगृहाची निवडणूक ही दिवसभराची नोकरी आहे, फक्त बिनपगारी. सकाळी देणगीदारांना फोन, दुपारी दारोदार फिरणं, संध्याकाळी सभा. उमेदवारांनी सल्लागाराचं काम थांबवलं, म्हणजे त्यांचं उत्पन्न बंद झालं. प्रचाराला बाहेर पडायचं तर मुलांकडे कुणीतरी हवं, म्हणजे नवा खर्च सुरू झाला. मार्च २०१८ मध्ये त्यांनी अर्ध्या वेळेसाठी मुलं सांभाळणारी एक बाई ठेवली. दर ताशी २२ डॉलर.

हिशेब करून बघा. आठवड्याचे २० तास धरले तर ४४० डॉलर. मार्चपासून नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत सुमारे ३५ आठवडे, म्हणजे १५,४०० डॉलर. आणि प्रचार शेवटाकडे जातो तसे तास वाढतात, कमी होत नाहीत. त्या वर्षी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. म्हणजे अशी कमाल देणगी सहा आठवड्यांच्या संगोपनात संपली असती.

प्रचारनिधीत पैसे होते. प्रश्न असा होता की त्यातून हे पैसे द्यायचे की नाही. अमेरिकी कायद्यात प्रचारनिधी उमेदवाराच्या खासगी वापरासाठी खर्च करायला मनाई आहे. घराचे हप्ते, कपडे, जिमची वर्गणी असे काही खर्च नियमात नावानिशी लिहून थेट बंद केलेले आहेत. मुलांच्या संगोपनाचा त्या यादीत उल्लेख नाही. यादीत नसलेल्या खर्चाला संघीय निवडणूक आयोगाची एक कसोटी लागते, ती आयोगाने १९९५ मध्ये लिहिली: उमेदवारी नसती तरीही हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो खासगी. झाला नसता, तर तो प्रचाराचा.

कसोटी सरळ वाटते. पण ती लावताना उमेदवाराच्या घरी कोण आहे हे मनात धरावं लागतं. पारंपरिक पुरुष उमेदवाराच्या घरी बायको असते, मुलं तिच्याकडे असतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच उठत नाही आणि कसोटी लावायची वेळही येत नाही. गंमत म्हणून नाही, मुद्दा म्हणून सांगते: ही कसोटी लिहिली गेली त्याच वर्षी लुइझियानाच्या एका रिपब्लिकन प्रतिनिधींनी आयोगाला विचारलं होतं की पत्नी आपल्याबरोबर प्रचाराच्या कार्यक्रमांना येते तेव्हा मुलाला सांभाळण्याचा अधूनमधूनचा खर्च निधीतून करता येईल का. आयोगाने हो म्हटलं. म्हणजे अगदी पहिल्याच उत्तरात गृहीत धरलेलं घर असं होतं: रोज मुलाला बायको सांभाळते, आणि तिला बाहेर पडावं लागलं तरच पैसे लागतात. मूल रोज स्वतः सांभाळणारी आईच उमेदवार असेल तर काय, हे २३ वर्षं कागदावर आलं नव्हतं.

समोरचे रस्ते

पहिला रस्ता स्वतःच्या खिशातून भरण्याचा. कायद्याने त्याला काहीच अडकाठी नाही. १९७६च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा कितीही पैसा खर्च करावा असं मान्य केलं आहे. श्रीमंत उमेदवाराला म्हणूनच हा प्रश्न पडत नाही. उत्पन्न थांबलेल्या आईला हा रस्ता काही महिने चालतो, मग बचत संपते.

दुसरा रस्ता नातेवाइकांचा. हा आपल्या लोकांना फार ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत बाळंतपणानंतर आई आणि सासू सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर पाळीपाळीने येतात आणि त्यांच्या जिवावर सुनेची, लेकीची नोकरी टिकते. पण निवडणुकीचं वेळापत्रक व्हिसा बघून ठरत नाही. शिवाय हा रस्ता प्रश्न सोडवत नाही, एका बाईचं फुकट काम दुसऱ्या बाईवर ढकलतो.

तिसरा रस्ता वाचताना मला सर्वांत जास्त खुपला. २००२पासून आयोगाच्या नियमात अशी सोय होती की पदावर नसलेला उमेदवार प्रचारनिधीतून स्वतःला पगार घेऊ शकतो. ऐकायला उत्तम. पण मर्यादा दोन: पगार प्राथमिक निवडणुकीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) अर्जाची मुदत संपल्यावरच सुरू होणार, आणि रक्कम गेल्या वर्षीच्या कमाईपेक्षा किंवा त्या पदाच्या पगारापेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त नसणार. वकील उमेदवाराला याचा फायदा. मुलांमुळे वर्षभर कमी काम केलेल्या किंवा अजिबात न कमावलेल्या आईची मर्यादा मात्र शून्याच्या आसपास येते. ज्या कारणाने तिला मदत हवी, त्याच कारणाने ती मदतीबाहेर पडते.

चौथा रस्ता गुपचूप खर्च करण्याचा. यादीत मनाई नाही, १९९५चं उत्तर हाताशी आहे, मग दाखवून टाकावा खर्च. कुणी तक्रार केलीच तर बघू. पण तक्रार होते ती ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तेव्हा कायद्याची बाजू कितीही भक्कम असली तरी ‘देणगीदारांच्या पैशांतून मुलं सांभाळायला बाई ठेवली’ हे एक वाक्य पुरतं. हे वाक्य पुरुष उमेदवाराला जितकं चिकटेल त्यापेक्षा बाईला जास्त चिकटतं.

पाचवा रस्ता आयोगालाच लेखी विचारण्याचा. आयोगाला अशा अर्जावर साधारण ६० दिवसांत सल्लागार मत द्यावं लागतं. हो आलं की संरक्षण मिळतं, आणि तंतोतंत तशाच परिस्थितीतल्या इतर उमेदवारांनाही त्या मताचा आधार घेता येतो. नाही आलं तर मात्र दार सगळ्यांसाठीच बंद. आजवर संदिग्ध होतं ते ठामपणे नाकारलं जाणार, आणि ते नाकारलं जायला कारण झालेली बाई म्हणून आपलं नाव राहणार.

यात आणखी एक धोका होता, तो बाहेरून दिसत नाही. आयोग सहा सदस्यांचा असतो आणि कुठल्याही मताला किमान चार सदस्यांचा होकार लागतो. २०१८च्या वसंतात आयोगावर सदस्यच चार उरले होते. म्हणजे बहुमत मिळवून भागणार नव्हतं. चौघांतला एक जरी फिरला असता, तरी उत्तर मिळालं नसतं.

काय केलं

३ एप्रिल २०१८ रोजी उमेदवारांनी अर्ज दिला. अर्जाची मांडणी मला शिकण्यासारखी वाटते. त्यात बायकांवरच्या अन्यायाचं भाषण नाही. उमेदवारीआधी मुलं मी सांभाळत होते. आता पूर्ण वेळ प्रचारात आहे. त्यामुळे पगारी मदत घ्यावी लागली. उमेदवारी नसती तर हा खर्च नसता. आयोगाचीच कसोटी घेऊन तिच्यात आपलं घर बसवलेलं. चारही मतं हवी असताना, भिन्न पक्षांच्या माणसांना एकत्र आणू शकेल अशी हीच एक भाषा होती.

अर्जावर लोकांच्या सूचना येऊ शकतात. हिलरी क्लिंटन यांनी पाठिंब्याचं पत्र पाठवलं, काँग्रेसच्या अनेक सदस्यांनीही पाठवलं. अशा पत्रांनी प्रसिद्धी मिळते, पण एका पक्षाचा रंग चढण्याचा धोकाही असतो. इथे तो धोका फळला नाही, त्याचं श्रेय मी अर्जाच्या कोरडेपणाला देते.

त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. ९ एप्रिलला टॅमी डकवर्थ यांना मुलगी झाली; पदावर असताना बाळंत झालेल्या त्या पहिल्या सिनेटर. १८ एप्रिलला सिनेटने एकमताने नियम बदलला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मतदानाच्या वेळी सभागृहात आणायची मुभा दिली. प्रतिनिधिगृहात तर इव्हॉन ब्रॅथवेट बर्क १९७३ मध्येच पदावर असताना आई झाल्या होत्या. म्हणजे सिनेटला हा साधा नियम करायला त्यानंतर ४५ वर्षं लागली. त्या एप्रिलमध्ये दोन वेगळ्या दालनांत एकच गोष्ट पुढे आली होती: या संस्थांचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कडेवर मूल असलेलं माणूस नव्हतंच.

निकाल

१० मे २०१८ रोजी आयोगाने ४-० असा होकार दिला. प्रचारामुळेच उद्भवलेला संगोपनाचा खर्च, तेवढ्यापुरता, प्रचारनिधीतून करता येईल.

जूनमधल्या प्राथमिक निवडणुकीत उमेदवारांनी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) विधिमंडळाच्या अध्यक्षांना हरवलं. नोव्हेंबरात मात्र त्या सुमारे सहा टक्क्यांच्या फरकाने हरल्या. १९९३पासून बसलेल्या खासदारांना त्यांनी घाम फोडला, पण जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी लहान मुलांच्या आयांना निवडणुकीत उतरायला मदत करणारी संस्था काढली. २०१८च्या त्याच निवडणुकीतून प्रतिनिधिगृहात १०२ बायका पोचल्या, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. हा आकडा आयोगाच्या या मतामुळे वाढला असं मी म्हणणार नाही. ती लाट आधीच उठली होती.

मताचा परिणाम वेगळीकडे दिसतो. २०१९ मध्ये टेक्सासमधून सिनेटसाठी उभ्या असलेल्या एका आईने पूर्ण वेळ पाळणाघराबद्दल विचारलं, तिलाही हो मिळालं. पुरुष उमेदवारांनीही हा खर्च दाखवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या एका खासदारांनी २०२२ मध्ये विचारलं की मी प्रचारासाठी बाहेरगावी मुक्कामी असताना रात्रीच्या संगोपनाचे पैसे देता येतील का. स्वतःच्या प्रचाराच्या प्रवासापुरतं तेही मान्य झालं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. बाईने दार उघडलं आणि मुलाला सांभाळणं आपलंही काम आहे असं मानणारा बापही त्यातून आत आला.

राज्यांच्या पातळीवर मात्र हे मत लागू नव्हतं. आयोगाचा अधिकार फक्त राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्या निवडणुकांवर चालतो. २०१८ मध्येच लुइझियानातल्या राज्य विधिमंडळाच्या एका उमेदवाराला तिथल्या नीती मंडळाने असाच खर्च नाकारला. त्याच मंडळाने २००० मध्ये एका पुरुष उमेदवाराला तो मान्य केला होता. आरडाओरड झाल्यावर त्यांनी निर्णय फिरवला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला, इतर राज्यांनी एकेक करून आपापली वाट धरली.

वेगळं काय करता आलं असतं

आधी वेळेबद्दल. मुलं सांभाळायला बाई मार्चमध्ये ठेवली आणि अर्ज एप्रिलमध्ये गेला. उमेदवारी जाहीर करतानाच विचारलं असतं तर मधले आठवडे उत्तराविना काढावे लागले नसते, आणि प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर उत्तराची वाट बघावी लागली नसती. पण उशीर आणखी झाला असता तर नुकसान फार मोठं होतं. ऑगस्ट २०१९ अखेर आयोगातला आणखी एक सदस्य गेला आणि चार मतांची गणपूर्तीच राहिली नाही. कित्येक महिने आयोग कुणालाच उत्तर देऊ शकला नाही. चारच सदस्य असताना विचारणं हे त्या वेळी धाडस वाटत होतं. मागे वळून पाहिलं तर ती जवळजवळ शेवटची गाडी होती.

मोठी गोष्ट प्रश्नाच्या मांडणीची. उमेदवारांचा युक्तिवाद जिंकला तो ‘आधी मी स्वतः सांभाळत होते’ या आधारावर. म्हणजे फुकट केलेलं काम हाच पुरावा झाला. मग जी आई आधीपासून नोकरी करते आणि पाळणाघराचे पैसे भरते, तिचं काय? तिचा खर्च उमेदवारी नसतानाही होताच. नोकरी सोडून ती प्रचारात उतरली तर पगार गेला आणि पाळणाघराचं बिल मात्र तसंच राहिलं, आणि कसोटीच्या भाषेत ते खासगी म्हणायला वाव राहतो. टेक्सासच्या उत्तराने ही फट थोडी बुजवली. पहिल्याच अर्जात हा मुद्दा घालता आला असता का? आला असता, पण मला वाटतं तेव्हा चारही मतं मिळाली नसती. अरुंद प्रश्न विचारून पक्कं उत्तर घेणं की रुंद प्रश्न विचारून सगळंच गमावण्याचा धोका पत्करणं, यात त्यांनी पहिलं निवडलं. मीही तेच निवडलं असतं, जरा जीव जड करून.

म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या बायकांचा उल्लेख मात्र अर्जात यायला हवा होता, निदान दुसऱ्या अर्जाची तयारी म्हणून. चाळिशी-पन्नाशीत राजकारणात उतरणाऱ्या बाईच्या घरी मुलं मोठी झालेली असतात आणि अंथरुणाला खिळलेली आई किंवा सासू असते. कसोटी तीच, हिशेब तोच.

आणि पगाराचा प्रश्न संगोपनाच्या प्रश्नाबरोबर जोडायला हवा होता. तो सुटायला आणखी जवळजवळ सहा वर्षं लागली. मार्च २०२४पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे उमेदवारी नोंदवल्या दिवसापासून पगार घेता येतो, आणि मर्यादा पाच वर्षांच्या सरासरी कमाईवर किंवा पदाच्या पगाराच्या निम्म्यावर, जे कमी असेल त्यावर, ठरते. एखाद्या वर्षी बाळंतपणामुळे कमाई झाली नाही, म्हणून आता सगळं शून्य होत नाही. पाचही वर्षं घरी असलेल्या आईसाठी मात्र अजूनही होतं.

निवडून आल्यावरचा प्रश्न तर उघडाच आहे. १ एप्रिल २०२५ रोजी प्रतिनिधिगृहात, नुकत्याच आई-बाप झालेल्या सदस्यांना काही आठवडे दुसऱ्यामार्फत मत देता यावं यासाठी फ्लोरिडाच्या रिपब्लिकन ॲना पॉलिना लूना आणि कोलोरॅडोच्या डेमोक्रॅट ब्रिटनी पीटरसन यांनी मिळून चालवलेला प्रयत्न दडपण्याची नेतृत्वाची चाल २०६ विरुद्ध २२२ मतांनी हरली. पण नियम काही बदलला नाही. तडजोड होऊन विषय बाजूला पडला.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये गावाच्या शाळा मंडळासाठी, नगर परिषदेसाठी उभ्या राहणाऱ्या मराठी बायकांना एक सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथूनच सुरुवात करतात: १० मेचं हे मत तुमच्या निवडणुकीला आपोआप लागत नाही. राज्याचा निवडणूक खर्चाचा नियम वाचा, संबंधित कार्यालयाला लेखी विचारा, आणि सांभाळणाऱ्या बाईला पहिला चेक देण्याआधी विचारा. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळात तुम्ही कुठल्या सभेला होतात.